शब्द तोच, पदार्थ निराळा

“इंग्रजी उत्तम येतें, मग खाण्यापिण्याची अडचण ती कसली?” असें म्हणून आपण घरांतल्या मुलांना, सुनांना आणि लेकीजांवयांना परदेशीं पाठवितों. लोणच्याच्या बरण्या, मेतकुटाच्या पुड्या आणि थालिपिठाची भाजणी बांधून दिली, कीं वडीलधाऱ्यांचें कर्तव्य संपलें असें आपणांस वाटतें. परंतु शाळेंत आणि कचेरींत कमावलेलें हें इंग्रजी बाजारांत व जेवणाच्या मेजावर पहिल्याच आठवड्यांत दगा देतें. ग्रंथांतलें इंग्रजी जगभर पुष्कळसें एक आहे. स्वयंपाकघरांतलें मात्र एक नाहीं. लंडनचें निराळें, न्यूयॉर्कचें निराळें, सिडनीचें निराळें, आणि आपल्या मुंबई-पुण्याचें तर त्या तिन्हींहून निराळें.

हा फरक केवळ मौजेचा असता, तर त्यावर चार पानें खर्च करण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्या घरांत काय खावें आणि काय खाऊं नये याला धर्माचा, व्रताचा किंवा निदान चार पिढ्यांच्या सवयीचा आधार आहे, त्या घरांतल्या माणसाला एका शब्दाच्या गैरसमजानें जन्मांत न खाल्लेली वस्तु पोटांत गेल्याचें मागाहून कळतें, आणि मनाला कायमची चुटपुट लागून राहते. ज्याच्या प्रकृतीला एखादा पदार्थ मुळींच सोसत नाहीं, त्याची तर जिवाशींच गांठ असते. म्हणून हा विषय थोडा व्यवस्थित पाहूं.

फरक पडला कसा?

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी, कीं असे फरक पडणें हा कोणत्याहि भाषेचा दोष नव्हे. आपल्या मराठीचेंच पहा. पुण्याच्या ब्राह्मणी घरांत रोजच्या जेवणांतली ती ‘पोळी’. कोल्हापूर-साताऱ्याकडे पुष्कळ घरीं तिला ‘चपाती’ म्हणतात, आणि ‘पोळी’ म्हटलें कीं पुरणाची समजतात. मराठवाड्यांत ‘जांब’ मागितला तर पेरू मिळेल. कोंकणांत त्याच नांवानें पाणीदार, गुलाबी-पांढरें, अगदींच निराळें फळ हातांत पडेल. दोनतीनशें मैलांवर जर ही स्थिति, तर महासागर ओलांडून गेलेल्या भाषेची काय कथा!

इंग्रज लोक सतराव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत वसाहती करूं लागले, तेव्हां आपले शब्द बरोबर घेऊन गेले. परंतु तेथें पिकणारें धान्य निराळें होतें. ‘कॉर्न’ हाच शब्द घ्या. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ नुसता ‘धान्य’ एवढाच. १६११ च्या इंग्रजी बायबलांत दुष्काळाच्या वेळीं याकोबाला मिसर देशांत ‘कॉर्न’ असल्याचें कळतें, तें धान्य होय, मका नव्हे. मका हा मुळांत अमेरिका खंडाचा, आणि १४९२ मध्यें कोलंबस तिकडे पोंचेपर्यंत जुन्या जगाला तो ठाऊकच नव्हता. इंग्लंडांत १८१५ पासून १८४६ पर्यंत चाललेले आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असलेले ‘कॉर्न लॉज’ हे गहूं वगैरे धान्यांच्या आयातीवरील कायदे. त्यांतल्या ‘कॉर्न’चा अर्थ मका असा केला, तर सगळा इतिहासच चुकतो. अमेरिकेंतल्या वसाहतवाल्यांनीं तेथील मुख्य धान्याला ‘इंडियन कॉर्न’, म्हणजे तेथील मूळ रहिवाशांचें धान्य, असें नांव दिलें. पुढें ‘इंडियन’ हा शब्द गळला आणि ‘कॉर्न’ म्हणजे मका हा अर्थ पक्का झाला. इंग्लंडांत मात्र शेतांतल्या या पिकाला ‘मेझ’ म्हणतात. तो शब्द कॅरिबियन बेटांतला असून स्पॅनिश भाषेच्या मार्गानें तेथें गेला.

नवें धान्य हें एक कारण झालें. दुसरें कारण शेजाऱ्यांचें. आजचें न्यूयॉर्क शहर पूर्वीं डच लोकांचें होतें. १६६४ मध्यें तें इंग्रजांच्या हातीं आलें. राज्य बदललें, पण डच गृहिणींचे पदार्थ घरांघरांतून राहिले. म्हणून इंग्लंडांत ज्याला ‘बिस्किट’ म्हणतात, त्याला अमेरिकेंत ‘कुकी’ हें डच भाषेंतलें, ‘लहानसा केक’ अशा अर्थाचें नांव मिळालें. कोबीच्या कोशिंबिरीचें ‘कोलस्लॉ’ हें नांवहि डचांचेंच. पुढें इटलींतून लाखों लोक अमेरिकेंत आणि मागाहून ऑस्ट्रेलियांत गेले. त्यांच्या परसांतली, दिसायला काकडीसारखी पण भोपळ्याच्या कुळांतली भाजी त्या दोन्ही देशांत ‘झुकीनी’ झाली. इंग्लंडाचा शेजारी फ्रान्स. तेथें त्याच भाजीला ‘कुर्जेत’ असें फ्रेंच नांव. अमेरिकेच्या दक्षिणेस मेक्सिको. म्हणून कोथिंबिरीला तेथें ‘सिलांट्रो’ हें स्पॅनिश नांव, आणि इंग्लंडांत व आपल्याकडे ‘कॉरिअँडर’. गंमत अशी, कीं अमेरिकेंतल्या दुकानांत ‘कॉरिअँडर’ मागितलें तर धने हातांत पडतात.

नोआ वेब्स्टर यानें १८२८ मध्यें अमेरिकन इंग्रजीचा मोठा कोश प्रसिद्ध केला आणि कित्येक शब्दांचें लेखन बदलून टाकलें. परंतु खाण्याच्या वस्तूंचीं नांवें कोशकार ठरवीत नाहींत. तीं भाजीवाला ठरवितो, शेजारीण ठरविते, आणि मुलांना भरवितांना आई ठरविते. म्हणूनच तीं देशोदेशीं वेगळीं पडतात, आणि एकदां जिभेवर बसलीं कीं हालत नाहींत.

वांग्याची प्रदक्षिणा

एका वस्तूला अनेक नांवें असण्याचें सर्वांत मनोरंजक उदाहरण आपल्या वांग्याचें आहे. इंग्लंडांत त्याला ‘ओबर्जिन’ म्हणतात, अमेरिकेंत व ऑस्ट्रेलियांत ‘एगप्लँट’, आणि आपल्याकडे ‘ब्रिंजल’. अमेरिकन नांवांत अंडें कां आलें, असा प्रश्न पडतो. अठराव्या शतकांत युरोपांतल्या बागांतून जी जात लोकांनीं पाहिली, तिचीं फळें लहान, पांढरीं शुभ्र आणि हुबेहूब कोंबडीच्या अंड्यासारखीं होतीं, म्हणून हें नांव पडलें. अंड्याचा त्या भाजीशीं याहून अधिक संबंध नाहीं.

बाकीच्या दोन नांवांची हकीकत अशी, कीं तीं दोन्ही एकाच भारतीय शब्दाचे वंशज आहेत. संस्कृतांतील ‘वातिंगण’ आणि आपलें ‘वांगें’ ज्या कुळांतले, त्याच कुळांतला शब्द इराणांत गेला. इराण्यांकडून तो अरबांनीं घेतला, आणि अरबांबरोबर स्पेन-पोर्तुगालांत पोंचला. तेथून एक शाखा कातालान भाषेंतून फ्रान्सांत गेली आणि ‘ओबर्जिन’ होऊन इंग्लंडांत उतरली. दुसरी शाखा पोर्तुगीजांच्या तोंडीं राहिली. १५१० मध्यें गोवें घेतलेल्या त्या लोकांनीं आपला शब्द या किनाऱ्यावर आणला, आणि त्यावरूनच येथल्या इंग्रजांनीं ‘ब्रिंजल’ केलें. म्हणजे आपल्याच घरून निघालेला शब्द इराण, अरबस्तान आणि पोर्तुगाल हिंडून, वेष पालटून परत दारीं आला, आणि आपण त्याला परकी समजून इंग्रजीच्या तासाला पाठ करतों! हें ‘ब्रिंजल’ पुढें दक्षिण आफ्रिकेंत आणि मलायांतहि गेलें. वेस्ट इंडीज बेटांत त्याचा अपभ्रंश ‘ब्राऊन-जॉली’ असाहि झाला. १८४५ पासून मजुरीच्या करारावर त्रिनिदादला नेलेल्या भोजपुरी लोकांनीं तर आपलें ‘बैंगन’च तेथें रुजविलें; तेथल्या इंग्रजींत आजहि ‘बैगन’ हा शब्द चालतो.

खरा धोका कोठें?

एका वस्तूचीं अनेक नांवें असलीं, तर फार तर दुकानांत दोन मिनिटें मोडतात. खरी अडचण याच्या उलट बाजूची: नांव एकच आणि वस्तु दोन. कारण तेथें माणसाला शंकाच येत नाहीं. ओळखीचा शब्द भेटला, कीं तो निर्धास्त होतो.

भेंडीला आपण इंग्रजींत ‘लेडीज फिंगर’ म्हणतों. अमेरिकेंत तिचें नांव ‘ओक्रा’. गुलाम करून नेलेल्या पश्चिम आफ्रिकेच्या लोकांबरोबर तो शब्द तेथें गेला. तेथें ‘लेडीफिंगर’ म्हणाल, तर अंडीं फेटून केलेलीं लांबट, हलकीं, गोड बिस्किटें पुढें येतील.

‘बिस्किट’ शब्दाचीहि हीच गत. त्याचा मूळ लॅटिन अर्थ ‘दोनदां भाजलेलें’. इंग्लंडांत, ऑस्ट्रेलियांत आणि आपल्याकडे तें कोरडें, कुरकुरीत, चहांत बुडवून खाण्याचें. अमेरिकेंत ‘बिस्किट’ म्हणजे भट्टींतून नुकताच काढलेला मऊ, फुगलेला लहान पाव. तेथील दक्षिणेकडच्या संस्थानांत न्याहारीला ‘बिस्किट्स अँड ग्रेव्ही’ हा पदार्थ फार आवडीचा आहे. ‘ग्रेव्ही’ हा शब्द आपल्याकडील हॉटेलांनीं कांदा-टोमॅटोच्या रश्शाला लावलेला असल्यामुळें आपला मनुष्य ती आनंदानें मागवितो. आणि समोर येते ती दुधापिठाची पांढरी ग्रेव्ही, जींत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे कालविलेले असतात. इंग्लंडांत तर ‘ग्रेव्ही’चा अर्थच मुळीं मांस भाजतांना सुटलेल्या रसाचें कालवण असा आहे.

‘जेली’चें पहा. अमेरिकेंत ‘जेली’ म्हणजे फळांचा रस साखरेंत आटवून केलेला गाळींव मुरंबा. शेंगदाण्याच्या लोण्याबरोबर पावाला लावून तेथलीं मुलें ती शाळेंत नेतात, आणि तींत शाकाहारी माणसानें भिण्यासारखें सहसा कांहीं नसतें. इंग्लंडांत व ऑस्ट्रेलियांत मात्र ‘जेली’ म्हणजे मुलांच्या वाढदिवसाला करतात ती रंगीत, थरथरणारी मिठाई. ती थिजते जिलेटिनानें, आणि जिलेटिन निघतें जनावरांच्या कातड्यांतून व हाडांतून. याच मिठाईला अमेरिकेंत ‘जेल-ओ’ म्हणतात. १८९७ मध्यें न्यूयॉर्क संस्थानांत निघालेल्या एका मालाचें तें नांव पुढें सगळ्या जातीलाच चिकटलें. तेव्हां अमेरिकेंत चार वर्षें राहून जेली निर्धास्तपणें खाणारा मुलगा लंडनला गेला, तर तेथें त्यानें फिरून विचारावें हें बरें.

आतां एक जोडी अशी, कीं ती वाचून इंग्रजीच्या शिक्षकानेंहि थबकावें. ‘स्वीटमीट’ म्हणजे मिठाई. तींत मांसाचा संबंध नाहीं. ‘स्वीटब्रेड’ म्हणजे वासराच्या किंवा कोंकराच्या शरीरांतील ग्रंथि. तींत गोडहि नाहीं आणि पावहि नाहीं. याचें कारण असें, कीं ‘मीट’ या शब्दाचा जुना अर्थ केवळ ‘अन्न’ असा होता; मांस हा त्याचा अर्थ पुढें आकुंचन पावून झाला. इंग्रज लोक नाताळांत जे ‘मिन्स पाय’ करतात, त्यांतल्या सारणाला ‘मिन्समीट’ म्हणतात. पूर्वीं त्यांत खरोखरच कुटलेलें मांस असे. आतां बेदाणे, मनुका, सफरचंद आणि मसाला असतो. हें ऐकून शाकाहारी मनुष्य निश्चिंत होतो, आणि तेथेंच फसतो. कारण मांस गेलें, तरी जुन्या रीतीच्या सारणांत गाईबैलांच्या मूत्रपिंडाभोंवतालची चरबी अजून घालतात. वनस्पतींच्या चरबीचें सारणहि हल्लीं मिळतें, पण तें विचारून घ्यावें लागतें.

‘पुडिंग’ शब्दाला तर अंतच नाहीं. अमेरिकेंत पुडिंग म्हणजे दुधाची घट्ट, गोड खीर. इंग्लंडांत जेवणानंतरचा कोणताहि गोड पदार्थ ‘पुडिंग’. पण ‘यॉर्कशायर पुडिंग’ हें मुळीं गोडच नाहीं. पीठ, दूध आणि अंडीं यांचें तें कढत चरबींत फुगविलेलें असतें. आणि ‘ब्लॅक पुडिंग’ म्हणजे डुकराचें रक्त घालून केलेला पदार्थ! दह्याला आपण इंग्रजींत ‘कर्ड’ म्हणतों. इंग्लंड-अमेरिकेंत दही म्हणजे ‘योगर्ट’. ‘लेमन कर्ड’ म्हणून जी पिवळीधमक बरणी इंग्लंडांत मिळते, तींत दह्याचा थेंबहि नसतो. लिंबू, साखर, लोणी आणि अंडीं यांचें तें शिजविलेलें मिश्रण.

बटाट्याच्या तळलेल्या जाड कापांना इंग्लंडांत ‘चिप्स’ आणि पातळ कुरकुरीत चकत्यांना ‘क्रिस्प्स’. अमेरिकेंत पहिल्यांना ‘फ्राइज’ आणि दुसऱ्यांना ‘चिप्स’. ऑस्ट्रेलियांत दोहोंनाहि ‘चिप्स’. हा घोळ निरुपद्रवी आहे. परंतु उत्तर इंग्लंडांतल्या कित्येक दुकानांत हे काप गाईबैलांच्या चरबींत तळण्याची जुनी चाल अजून आहे. नांवांत बटाट्याखेरीज कांहीं नसलें, तरी कढईंत काय आहे हें विचारल्यावांचून कळत नाहीं.

पिण्याच्या वस्तूंतहि हाच प्रकार. अमेरिकेंत ‘लेमनेड’ म्हणजे जवळजवळ आपलें लिंबाचें सरबत. इंग्लंडांत तें बहुधा बाटलींतलें, फसफसणारें गोड पाणी. ‘सायडर’ मात्र संभाळूनच घ्यावें. अमेरिकेंत शरद् ऋतूंत घरोघर पितात तें ‘ॲपल सायडर’ म्हणजे सफरचंदाचा न गाळलेला ताजा रस; लहान मुलांनाहि तो देतात. इंग्लंडांत ‘सायडर’ म्हणजे त्याच रसाचें आंबवून केलेलें मद्य.

वाटी, चमचा आणि पीठ

पाककृतींच्या पुस्तकांतहि हाच घोळ आहे. आपल्याकडे वाटी म्हणजे घरांतली कोणतीहि एक वाटी. प्रमाण संभाळलें कीं झालें. परंतु इंग्रजी पाककृतींत वाटीबरोबर वजनें, अंश आणि मिनिटेंहि दिलेलीं असतात, म्हणून वाटी कोणती हें कळावें लागतें. अमेरिकेचा ‘कप’ सुमारें २३७ मिलिलिटरांचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा. मोठा चमचा अमेरिकेंत व इंग्लंडांत सुमारें १५ मिलिलिटरांचा, पण ऑस्ट्रेलियांत २० चा; म्हणजे तेथल्या तीन चमच्यांना इतरत्र चार चमचे लागतात. मीठ किंवा खाण्याचा सोडा असला, तर एवढ्या फरकानें केक कडू होतो. ‘पाइंट’ अमेरिकेंत ४७३ मिलिलिटरांचा आणि इंग्लंडांत ५६८ चा. अमेरिकनांनीं अठराव्या शतकाच्या प्रारंभींचें जुनें इंग्रजी माप कायम ठेविलें. इंग्रजांनीं मात्र १८२४ मध्यें कायदा करून आपलें माप बदललें. जुनें तें सोनें म्हणणारे येथें अमेरिकन निघाले!

पिठांचें तसेंच. आपण आणि इंग्रज ज्या पांढऱ्या शुभ्र सत्त्वाला ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणतों, त्याला अमेरिकेंत ‘कॉर्नस्टार्च’ म्हणावें लागतें. तेथें ‘कॉर्नफ्लोअर’ मागितलें तर मक्याचें दळलेलें पीठ मिळतें, आणि त्यानें दाट करूं गेलेलें सार चिखलासारखें होतें. बेसनाला इंग्लंडांतल्या दुकानांत ‘ग्रॅम फ्लोअर’ म्हणतात. हा ‘ग्रॅम’ वजनाचा नव्हे. पोर्तुगीज भाषेंतल्या ‘दाणा’ या अर्थाच्या शब्दावरून येथल्या इंग्रजांनीं हरभऱ्याला दिलेलें तें नांव आहे.

एकादशीची काळजी करणाऱ्या आजीबाईंसाठीं दोन शब्द. आपण साबुदाण्याला इंग्रजींत ‘सेगो’ म्हणतों. परंतु खरा सेगो एका जातीच्या ताडाच्या गाभ्यापासून होतो. तामिळनाडूंत सेलमच्या बाजूस होणारा आपला साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, आणि त्याला अमेरिकेंत ‘टॅपिओका’ म्हणतात. तेथें केशरी गराचीं रताळीं पुष्कळदां ‘यॅम’ या नांवानें विकतात. खरा यॅम म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद. दोन्ही उपवासाला चालतात, म्हणून एकादशी मोडत नाहीं. कीस मात्र फसतो.

आमंत्रणाचे शब्दहि जपून घ्यावे लागतात. उत्तर इंग्लंडांत आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडांत पुष्कळ घरीं ‘टी’ म्हणजे संध्याकाळचें जेवण. ‘टीला या’ म्हटल्यावर आपल्याकडचें दांपत्य घरीं वरणभात जेवून जातें, आणि यजमानीण वाढीत राहते! ‘ऑंत्रे’ हा फ्रेंच शब्द अमेरिकेंत मुख्य पदार्थाला, तर ऑस्ट्रेलियांत जेवणाच्या आरंभींच्या लहानशा पदार्थाला लावतात. त्यामुळें एकीकडे मनुष्य उपाशी राहतो आणि दुसरीकडे पानांत टाकतो.

‘व्हेजिटेरियन’ म्हणजे काय?

इतके शब्द पाहिल्यावर कोणी म्हणेल, “एवढें लक्षांत कोण ठेवणार? आम्ही सरळ सांगूं, कीं आम्ही व्हेजिटेरियन आहों.” दुर्दैवानें सर्वांत मोठा घोटाळा याच शब्दांत आहे. इंग्लंडांत व्हेजिटेरियन लोकांची संस्था १८४७ मध्यें निघाली. तेव्हांपासून तेथें या शब्दाचा रूढ अर्थ मांस-मासे न खाणारा असा आहे. अंडें त्यांत चालतें. आपल्या देशांत कायद्यानें शाकाहारी पदार्थाच्या वेष्टनावर हिरवी खूण छापावी लागते, आणि अंडें घातलेल्या पदार्थाला ती मिळत नाहीं. म्हणजे एकाच इंग्रजी शब्दाचा येथला अर्थ आणि तेथला अर्थ यांच्यामध्यें एक अंडें आडवें आहे! १९४४ मध्यें इंग्लंडांतच ‘व्हीगन’ हा नवा शब्द निघाला. पण तो घेतला, तर दूध, दही, ताक आणि तूपहि सोडावें लागतें. आपलें वरणभात-तूप या दोन शब्दांच्या मधल्या जागेंत बसतें, आणि त्या जागेला तिकडच्या रोजच्या बोलण्यांत सुटसुटीत नांवच नाहीं.

हा पेंच नवा नाहीं. १८८८ मध्यें बॅरिस्टर होण्यासाठीं लंडनला गेलेल्या मोहनदास गांधींनीं निघतांना आईपाशीं मद्यमांसाला न शिवण्याची प्रतिज्ञा केली होती. तेथें गेल्यावर त्यांना ‘मांस’ या शब्दाच्या तीन व्याख्या भेटल्या, हें त्यांनीं आत्मकथेंत सविस्तर सांगितलें आहे. एका व्याख्येनें मांस म्हणजे केवळ पशुपक्ष्यांचें. मासे आणि अंडीं चालतील. दुसरीनें सर्वच प्राण्यांचें मांस वर्ज्य, पण अंडीं चालतील. तिसरीनें अंडीं आणि दूधहि वर्ज्य. पहिल्या दोहोंपैकीं कोणतीहि व्याख्या धरली असती, तरी अंडीं खाण्यास आडकाठी नव्हती, आणि कांहीं दिवस त्यांनीं तीं खाल्लींहि. परंतु मग त्यांच्या मनानें घेतलें, कीं प्रतिज्ञा जिच्यापुढें केली, त्या आईनें शब्दाचा जो अर्थ घेतला असेल तोच खरा. आणि आईच्या मनांत अंडें हें मांसांतच होतें. त्या दिवसापासून अंडीं सुटलीं. त्यामुळें अडचण वाढली, कारण शाकाहारी म्हणविणाऱ्या उपाहारगृहांतहि पुष्कळ पुडिंगांत आणि केकांत अंडीं असत, आणि प्रत्येक वेळीं संकोच सोडून चौकशी करावी लागे. ती त्यांनीं केली.

या हकीकतींत सगळ्या विषयाचें सार आहे. शब्दाचा कोशांतला अर्थ एक असतो, दुकानदाराचा दुसरा, आणि आपल्या घरचा तिसरा. आपलें जें कांहीं पथ्य आहे, तें आपल्या घरच्या अर्थानें आहे. तेव्हां परक्या शब्दाच्या भरंवशावर तें सोंपवून चालावयाचें नाहीं.

मग करावें काय?

परदेशीं जाणाऱ्या मुलांना शब्दांची लांबलचक यादी पाठ करावयास सांगूं नये. ती पाठ होत नाहीं, आणि नव्या देशांत पुन्हां चुकते. त्यांना एवढीच सवय लावावी, कीं पदार्थाचें नांव ऐकून थांबूं नये. तो कशाचा केला आहे आणि कशांत तळला आहे, हें विचारावें. आपण स्वतःविषयीं सांगतांना ‘व्हेजिटेरियन’ हा एकच शब्द टाकून मोकळें होऊं नये. मांस, मासे, अंडीं, जिलेटिन आणि प्राण्यांची चरबी चालत नाहीं, दूध-तूप चालतें, असें स्पष्ट शब्दांत सांगावें. त्याला दहा सेकंदें लागतात. डबाबंद वस्तूच्या वेष्टनावर घटकांची यादी छापलेली असते. ती वाचल्यावांचून वस्तु टोपलींत टाकूं नये. ज्याला शेंगदाणा, तीळ किंवा दूध बाधतें, त्यानें तर हा नियम औषधासारखा पाळावा.

आणखी एक गोष्ट. विचारतांना समोरच्याचा शब्द चुकीचा आहे, असा भाव मनांत आणूं नये. जी अमेरिकन आजी आपल्या मऊ पावाला ‘बिस्किट’ म्हणते, तिनें तो शब्द आपल्या आजीकडून घेतलेला असतो. आपण पोळीला पोळी म्हणतों तो अधिकार जेवढा आपला, तेवढाच तिचा. संकोचामुळें न विचारतां खाणें, आणि संशयामुळें कांहीं न विचारतां पान दूर सारणें, या दोन्हींत यजमानाचा अपमान आहे. प्रांजळपणें विचारलें, तर बहुतेक गृहिणी हातचें काम टाकून पदार्थांत काय काय घातलें आहे तें कौतुकानें सांगूं लागतात. कारण आपल्या स्वयंपाकाविषयीं कोणी आस्थेनें विचारावें, ही इच्छा सर्व देशांत सारखीच आहे.

हा धडा घरींहि उपयोगाचा आहे. मराठवाड्यांतून आलेली सून पहिल्या दिवशीं ‘जांब आणा’ म्हणाली, तर तिला हंसूं नये. तिला कोणतें फळ हवें आहे तें विचारावें, आणि तें आणून द्यावें.